जुन्या बोटीचा ऑटोपायलट : काय जपायचं, काय बदलायचं

१९८५ ते २००५ च्या दरम्यानची शिडाची किंवा मोटर बोट सेकंडहँड घेतली, की तिच्यावरचा ऑटोपायलट, म्हणजे सुकाणू आपोआप हलवून बोट ठरल्या दिशेला ठेवणारी यंत्रणा, बहुधा दोन घराण्यांपैकी एकातला निघतो. एक इंग्लंडच्या ऑटोहेल्मचं. ती कंपनी १९९० मध्ये रेथिऑनकडे गेली आणि २००१ पासून रेमरीन या नावाने चालते. दुसरं नॉर्वेच्या रॉबर्टसनचं, जे पुढे सिमराडच्या नावाखाली आलं. तक्रारी मात्र दोन्हीकडे सारख्याच असतात. अर्धा तास नीट चालतो, मग बोट नागमोडी जायला लागते. किंवा मध्येच बीप करून स्टँडबायवर जातो, म्हणजे सुकाणू सोडून देतो. लोक सांगतात, "सगळं काढून टाका आणि नवीन बसवा."

हा सल्ला घाईचा आहे. गंजलेल्या वायरीवर आणि सैल झालेल्या पिनवर नवा कंट्रोलर बसवला तर तोही तसाच नागमोडी जातो आणि मोठा खर्च वाया जातो. आधी जुनी यंत्रणा शक्य तेवढी निरोगी करावी, मग काय बदलायचं ते ठरवावं. बऱ्याच बोटींवर ड्राइव्ह उत्तम असतो. बदलायची असते ती वायरिंग, होकायंत्र आणि कोर्स कॉम्प्युटर.

यंत्रणेचे भाग पाच: बटणांचा कंट्रोल हेड, कोर्स कॉम्प्युटर, फ्लक्सगेट होकायंत्र, सुकाणूचा कोन सांगणारा सेन्सर आणि सुकाणू प्रत्यक्ष हलवणारा ड्राइव्ह. बिघाड शोधताना हा क्रम उलटा धरायचा. आधी वीज, मग ड्राइव्ह आणि त्याच्या जोडण्या, मग सेन्सर, आणि कॉम्प्युटरवर संशय सगळ्यात शेवटी.

हात लावण्याआधी

एकही स्क्रू सोडवण्याआधी कॅलिब्रेशन मेनूतली सगळी मूल्यं वहीत उतरवून घ्या: रडर गेन (दिशा चुकल्यावर सुकाणू किती द्यायचं), काउंटर रडर (वळण थांबवायला उलटं सुकाणू किती), रडर लिमिट (सुकाणूची कमाल मर्यादा), रडर डॅम्पिंग (सुकाणूची धडपड शमवणं), ड्राइव्हचा प्रकार, क्रूझ स्पीड. टर्मिनल पट्टीचे सरळ समोरून फोटो काढा, प्रत्येक वायरला नंबराची पट्टी लावा. नुसत्या रंगावर विसंबू नका. वीस वर्षांत कोणीतरी लाल वायर संपली म्हणून हातातली निळी वापरलेली असते. मूळ मॅन्युअल नसेल तर मॉडेल नंबर घालून शोधा. रेमरीन आणि सिमराड या दोघांच्याही जुन्या मॉडेलची मॅन्युअल पीडीएफमध्ये मिळतात.

वीज: निम्मी दुखणी इथेच

मल्टिमीटरचे प्रोब बॅटरीवर नाही, थेट कोर्स कॉम्प्युटरच्या पॉवर टर्मिनलवर लावा. इंजिन बंद, बॅटरी भरलेली, यंत्रणा स्टँडबायवर: साधारण १२.५ व्होल्ट दिसायला हवेत. आता ऑटो मोड लावून दुसऱ्या माणसाला प्लस १०, मायनस १० ही बटणं आलटून पालटून दाबायला सांगा. ड्राइव्ह फिरत असताना आकडा ११.५ च्या वर राहिला तर ठीक. १०.५ पर्यंत घसरत असेल तर कॉम्प्युटर मध्येच रीसेट होणार, 'लो बॅट' दाखवणार किंवा काही न सांगता स्टँडबायवर जाणार.

घसरण नेमकी कुठे होते ते शोधायला एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर आणि दुसरा कॉम्प्युटरच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर ठेवा आणि ड्राइव्ह चालवा. मीटरवर जे दिसेल ते त्या एका वायरीत वाया जाणारं व्होल्टेज. हीच चाचणी निगेटिव्ह बाजूला करा. प्रत्येक बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर एकेक सांधा तपासत पुढे सरका: फ्यूज होल्डर, ब्रेकर, बस बार, टर्मिनल. निगेटिव्ह बाजू बहुतेक जण तपासतच नाहीत, आणि दोष पुष्कळदा तिथेच सापडतो.

वायरीची जाडी अंदाजाने घेऊ नका, गणित सोपं आहे. समजा हायड्रॉलिक ड्राइव्हचा पंप १५ अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून ६ मीटर लांब आहे. जाऊन-येऊन तांब्याची लांबी १२ मीटर. १२ व्होल्टवर ३ टक्के घट चालवून घ्यायची तर ०.३६ व्होल्ट मिळतात, म्हणजे एकूण रोध ०.०२४ ओहम. तांब्याचा रोध एक चौरस मि.मी. जाडीला मीटरमागे ०.०१७२ ओहम, म्हणून लागणारी जाडी सुमारे ८.६ चौ. मि.मी. बाजारात मिळणारी पुढची साइझ १० चौ. मि.मी. जुन्या बोटींवर याच जागी ४ ची वायर सर्रास दिसते.

वायर कलई केलेल्या तांब्याची, म्हणजे टिन्ड कॉपरची घ्या. घरगुती वायरिंगची साधी वायर खाऱ्या हवेत टोकापासून आतपर्यंत काळी पडते. जुन्या वायरीचं इन्सुलेशन टर्मिनलपासून पाच सें.मी. मागे सोलून बघा. तांबं तांबूस चकाकत असेल तर नुसतं टोक कापून नवा लग (वायरीच्या टोकाचा धातूचा डोळा) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. काळं पडलेलं आणि बोटाने चोळल्यावर भुकटी होत असेल तर ती वायर संपली, अख्खी बदला. लग रॅचेटच्या क्रिंपिंग टूलने दाबायचा आणि वर गोंद असलेली हीट श्रिंक चढवायची. नुसती सोल्डर केलेली वायर बोटीच्या थरथरीने सोल्डर संपतं तिथेच तुटते. फ्यूज किंवा ब्रेकर बॅटरीच्या शक्य तितका जवळ बसवा, आणि तो वायरीला झेपेल त्या क्षमतेचा ठेवा.

ड्राइव्ह आणि सुकाणूची जोडणी

ड्राइव्हच्या मोटरच्या दोन वायरी कॉम्प्युटरपासून सोडवा आणि २० अँपिअरच्या फ्यूजमधून थेट बॅटरीला लावा. लिनियर ड्राइव्ह (दांडा मागे-पुढे ढकलणारा) असेल तर क्लचलाही वेगळा पुरवठा द्यावा लागतो, नाहीतर मोटर फिरेल आणि दांडा जागचा हलणार नाही. वायरींची अदलाबदल केली की दिशा उलटली पाहिजे. एकेका सेकंदाचेच झटके द्या, सुकाणू टोकाला जाऊन आदळू देऊ नका आणि दांड्याजवळ कोणाचाही हात नको. मोटर दोन्ही दिशांना जोमात फिरली तर ड्राइव्ह बरा आहे. हीच मोटर कॉम्प्युटरमधून चालत नसेल तर दोष त्याच्या आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये किंवा रिलेमध्ये आहे.

मोटर अडखळते, कधी सुरू होते तर कधी ढोसल्यावर फिरते, असं असेल तर कार्बन ब्रश झिजलेत. ते काढून मोजा. मूळ लांबीच्या एक तृतीयांशाच्या आसपास आले असतील तर बदला, आणि आत साचलेली काळी पूड कोरड्या ब्रशने व हवेने साफ करा. त्याच मापाचे ब्रश वाहनांच्या मोटर रिवाइंड करणाऱ्यांकडे बहुधा मिळतात. ब्रश घासून मापात आणताना वायर जिथे ब्रशात शिरते ती बाजू घासू नका. काही लिनियर ड्राइव्हच्या आत प्लास्टिकचे प्लॅनेटरी गिअर असतात. मोटरचा आवाज येतो आणि दांडा मागे-पुढे होत नाही, तेव्हा क्लच तपासून झाल्यावर संशय या गिअरवर घ्यायचा.

नागमोडी चालीचं एक मोठं कारण यांत्रिक ढिलाई आहे. एकाने व्हील घट्ट धरावं आणि दुसऱ्याने सुकाणूच्या टिलर आर्मला (सुकाणूच्या दांड्यावरच्या आडव्या हाताला) हाताने डावी-उजवीकडे झटका द्यावा. बॉल जॉइंट, पिन, क्वाड्रंटची (केबल जिच्यावर बसते त्या सुकाणूवरच्या चकतीची) की यांच्यात जेवढी खटखट जाणवेल तेवढा वेळ ऑटोपायलट आंधळा असतो. तो हुकूम देतो, सुकाणू उशिरा हलतं, तो आणखी हुकूम देतो, आणि बोट सरळ रेषा ओलांडून पलीकडे जाते. पिनचं भोक लंबगोल झालं असेल तर जाड वॉशर घालून भागवू नका. भोक रीम करून बुश बसवा किंवा मोठी पिन टाका. सुकाणू मधोमध असताना लिनियर ड्राइव्हचा दांडा टिलर आर्मला काटकोनात हवा, तसा नसेल तर एका बाजूला ताकद कमी पडते.

केबलचं स्टीअरिंग असेल तर याच वेळी केबलच्या तारा, पुल्या आणि क्वाड्रंटचे बोल्ट बघून घ्या. केबलवरून चिंधी फिरवा. ती जिथे अडकेल तिथे एक तार तुटलेली आहे आणि ती केबल बदलायची वेळ झाली आहे. स्टीअरिंगच निकामी झालं तर ऑटोपायलट कितीही चांगला असून उपयोग नाही. गोव्यात बांधलेल्या आयएनएसव्ही तारिणी या भारतीय नौदलाच्या शिडाच्या बोटीला नाविका सागर परिक्रमा या जगप्रदक्षिणेत, जानेवारी २०१८ मध्ये, स्टीअरिंगच्या बिघाडामुळे ठरलेलं नसताना मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात थांबावं लागलं होतं. नौदलाने इतक्या काटेकोरपणे सांभाळलेल्या बोटीवरही असं होतं. म्हणून आपत्कालीन टिलर (व्हील निकामी झाल्यावर थेट सुकाणूला लावायचा दांडा) बोटीवर आहे का, तो बसतो का आणि तो लावल्यावर बोट खरंच वळते का, हे धक्क्यावर असतानाच करून बघा.

हायड्रॉलिक स्टीअरिंगची लक्षणं वेगळी. ऑटोपायलट सुकाणू फिरवतो तेव्हा व्हीलही आपोआप फिरत असेल, तर हेल्म पंपातला (व्हीलला जोडलेल्या पंपातला) लॉक व्हॉल्व्ह गळतोय. तेल सुकाणूकडे जाण्याऐवजी व्हीलकडे परत येतं. व्हील दाबल्यासारखं मऊ लागतं आणि शेवटाला टणक थांबत नाही, तेव्हा आत हवा आहे. हवा काढताना सगळ्यात उंचावरच्या हेल्ममध्ये तेल भरत राहायचं. रॅमच्या (सुकाणू ढकलणाऱ्या तेलाच्या सिलिंडरच्या) एका टोकाचा ब्लीड निपल सैल करून व्हील त्या दिशेला फिरवायचं, बुडबुडे थांबले की निपल बंद करून दुसरं टोक घ्यायचं. दोन माणसं आणि पारदर्शक नळी हवी. तेल स्टीअरिंग बनवणाऱ्याने सांगितलेल्या ग्रेडचंच. ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्याने सगळे सील फुगून खराब होतात.

होकायंत्र आणि सुकाणूचा सेन्सर

फ्लक्सगेट म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारी गुंडाळी. तिच्यात झिजण्यासारखं फार काही नसतं, त्यामुळे ती दीर्घायुषी असते. बिघडते ती तिच्या आजूबाजूची परिस्थिती. बोट विकत घेतल्यावर कोणीतरी शेजारच्या कपाटात स्पीकर बसवतो, टूलबॉक्स ठेवतो, फ्रिजची वायर तिथून नेतो. फ्लक्सगेट बोटीच्या मध्याजवळ, खालच्या बाजूला, लोखंडापासून आणि जास्त करंटच्या वायरींपासून किमान एक मीटर दूर हवी. जवळून डीसी वायरी नेणं टळत नसेल तर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एकमेकींना पीळ देऊन न्या, म्हणजे दोघींची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी मारतात. स्टीलच्या बोटीत मात्र खाली बसवून चालत नाही, ती डेकच्या वर, डोलकाठीवर किंवा केबिनच्या छतावर न्यावी लागते.

तपासायला साधी युक्ती आहे. बोट धक्क्याला घट्ट बांधलेली असताना पंप, फ्रिज, दिवे, व्हीएचएफ रेडिओ एकेक चालू-बंद करा आणि ऑटोपायलटच्या पडद्यावरचं हेडिंग बघत राहा. दोन अंशांपेक्षा जास्त उडी दिसली की गुन्हेगार सापडला. व्हीएचएफवर बोलताना बोट वळत असेल तर अँटेनाची केबल आणि ऑटोपायलटच्या वायरी वेगळ्या करा, सेन्सरच्या वायरींवर फेराइट रिंग बसवा.

हेडिंग एकाच आकड्यावर गोठलं किंवा 'नो कंपास' आलं, तर कॉम्प्युटरकडचं कनेक्शन सोडून गुंडाळ्यांचा रोध मोजा. काही ओहम एवढाच यायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर वायर तुटली आहे, बहुधा बल्कहेडमधून (बोटीतल्या आडव्या भिंतीतून) जाते तिथेच.

सुकाणूचा सेन्सर जुन्या रेमरीनमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. दोन टोकांमधला रोध सुकाणू फिरवताना बदलता कामा नये. टोक आणि मधली वायर यांच्यातला रोध मात्र एकसारखा चढत किंवा उतरत जायला हवा. यासाठी काट्याचा जुना मीटर डिजिटलपेक्षा चांगला. सुकाणू मधोमध असताना काटा थरथरला किंवा पटकन शून्यावर पडला, तर तिथला ट्रॅक झिजला आहे. बोट सरळ जाताना सुकाणू सगळा वेळ मध्याभोवतीच हलतं, म्हणून झीजही नेमकी तिथेच. सिमराडचा जुना आरएफ-३०० सेन्सर फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्याला ही ओहमची चाचणी लागू नाही.

युरोपातून आणलेल्या रेमरीनच्या बोटीवर एक सेटिंग आवर्जून बघा: अक्षांशाचं आणि 'ऑटो ॲडॅप्ट'चं. उत्तरेच्या अक्षांशांत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीकडे तिरकं झुकलेलं असतं. त्यामुळे उत्तरेकडे जाताना होकायंत्र अतिसंवेदनशील होतं, आणि ते सांभाळायला कॉम्प्युटर रडर गेन बदलतो. ब्रिटनमध्ये ते ५० अंश उत्तर ठेवलेलं असतं. कोकण किनारा साधारण १५ ते २० अंश उत्तरेत आहे, इथे हा झुकाव खूप कमी. जुनं मूल्य तसंच राहिलं तर उत्तरेकडे जाताना ऑटोपायलट विनाकारण सुस्त वागतो. तुमचा अक्षांश घाला किंवा ऑटो ॲडॅप्ट बंद करा.

मीठ आणि पावसाळा

जूनपासून बोट किनाऱ्याला लागली की कंट्रोल हेड काढून घरी न्या. मागच्या पिनांवर मीठ बसलं असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने धुवा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावा. क्रम महत्त्वाचा: मीठ पाण्यात विरघळतं, अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळत नाही. अल्कोहोलचं काम उरलेलं पाणी काढून टाकायचं. नंतर दोन दिवस सावलीत कोरड्या जागी ठेवून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात बंद करा. बोटीवर राहिलेल्या प्लगांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या आणि टोपणं घाला.

कोर्स कॉम्प्युटर उघडलाच तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल तर बदला: तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, १०५ अंश सेल्सिअसचे. काम झाल्यावर बोर्डावर पुन्हा कन्फॉर्मल कोटिंग (ओलाव्यापासून वाचवणारा पातळ थर) मारा, पण कनेक्टर आधी टेपने झाकून. पडद्यावर काळे डाग पसरलेली एलसीडी दुरुस्त करत बसू नका. तसा हेड जुन्या बाजारात मिळाला तर घ्या, नाहीतर अपग्रेडची वेळ आली असं समजा. पडदा टिकवायचा साधा उपाय म्हणजे वापर नसताना पांढरं झाकण.

काय बदलायचं

इतकं करूनही जुना संच मागच्या बाजूने येणाऱ्या लाटेत डगमगत असेल, तर ती त्याच्या रचनेची मर्यादा आहे. मुंबईहून गोव्याकडे जाताना दुपारनंतरचा वायव्य वारा आणि त्याची लाट उजव्या बाजूने मागून येते. लाट बोटीचा मागचा भाग ढकलते तेव्हा नुसती फ्लक्सगेट असलेला ऑटोपायलट बोट वळून झाल्यावर जागा होतो. वळण्याचा वेग मोजणारा रेट जायरो असेल तर तो वळण सुरू होतानाच सुकाणू देतो. आजचे सेन्सर, उदाहरणार्थ रेमरीनचा ईव्ही-१ किंवा बी अँड जी आणि सिमराडचा प्रिसिजन-९, नऊ अक्षांवर मोजतात: तीन चुंबकीय, तीन जायरो, तीन प्रवेगाचे. अपग्रेडचा खरा फायदा इथे आहे, रंगीत पडद्यात नाही.

पैसे जपून टाकायचे तर ड्राइव्ह ठेवा आणि कॉम्प्युटर, होकायंत्र, हेड बदला. नवा कॉम्प्युटर निवडताना तीन गोष्टी जुळायला हव्यात. पहिली, करंट. ड्राइव्ह अडकवून त्याचा जास्तीत जास्त करंट क्लॅम्प मीटरने मोजा, फक्त एक-दोन सेकंद. रेमरीनचा एसीयू-२०० हा कोर्स कॉम्प्युटर सलग १५ अँपिअर देतो, एसीयू-४०० ३० अँपिअर. सिमराड आणि बी अँड जीचा एनएसी-३ सुद्धा ३० अँपिअरचा आहे. दुसरी, व्होल्टेज. बारा व्होल्टच्या बोटीवर २४ व्होल्टचा पंप किंवा क्लच कन्व्हर्टर लावून चालवलेला आढळतो, पाटी वाचून खात्री करा. तिसरी, सुकाणूचा सेन्सर. रेमरीनचा जुना पोटेन्शिओमीटर नव्या एसीयूला चालतो. आरएफ-३०० एनएसी-३ ला चालतो, एसीयूला नाही. सतत चालणारा पंप आणि दिशा बदलणारे सोलेनॉइड (विजेने उघडणारे व्हॉल्व्ह) अशी रचना असेल तर कॉम्प्युटरही सोलेनॉइडचाच लागतो, रेमरीनमध्ये तो एसीयू-३००.

पंपच बदलायची वेळ आली तर तो रॅमच्या आकारमानावरून निवडा, बोटीच्या लांबीवरून नाही. दोन्हीकडे दांडा असलेला रॅम घ्या: आतला व्यास ४ सें.मी., दांडा २ सें.मी., स्ट्रोक २० सें.मी. क्षेत्रफळ ०.७८५ गुणिले (१६ वजा ४), म्हणजे ९.४ चौ. सें.मी. आकारमान १८८ घन सें.मी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुकाणू १२ सेकंदांत जावं असं धरलं, तर सेकंदाला सुमारे १६ घन सें.मी., म्हणजे मिनिटाला जवळपास एक लिटर. छोट्या बोटीसाठी १० ते १५ सेकंद योग्य. मोठा पंप म्हणजे चांगला पंप असा समज आहे, पण मोठ्या पंपाने सुकाणू झटक्यात जातं, ओलांडून पुढे जातं आणि परत येतं, आणि ही धडपड कोणत्याही सेटिंगने पूर्ण जात नाही.

हाताने काम करणाऱ्यांसाठी पायपायलट हा मुक्त स्रोताचा पर्यायही आहे. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, एक जायरो-होकायंत्र सेन्सर आणि मोटर कंट्रोलर यांवर तो चालतो. इलेक्ट्रॉनिक्सची चांगली जाण असेल तरच घ्या. मोटर कंट्रोलर पाण्यापासून वाचवण्याची आणि बिघाड झाल्यावर ड्राइव्ह मोकळा सोडण्याची जबाबदारी पूर्णपणे तुमची असते.

जुन्या आणि नव्या उपकरणांचं बोलणं

जुनी रेमरीन उपकरणं सीटॉक या कंपनीच्या स्वतःच्या तीन वायरींच्या जोडणीवर बोलतात: लाल १२ व्होल्टची, पिवळी डेटाची, आणि उघडी किंवा काळी निगेटिव्हची. नवी सीटॉक एनजी ही एनएमईए २००० या बोटींच्या उपकरणांच्या सामायिक जोडणीचीच, वेगळ्या प्लगची आवृत्ती आहे. दोन्ही थेट जोडता येत नाहीत, मध्ये रेमरीनचा कन्व्हर्टर लागतो. तो बसवला की जुनं वाऱ्याचं आणि खोलीचं यंत्र ठेवता येतं.

एनएमईए २००० च्या मुख्य केबलला दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर हवा. वीज बंद करून दोन डेटा वायरींमध्ये रोध मोजा: ६० ओहम म्हणजे बरोबर, १२० म्हणजे एक टर्मिनेटर नाही, ४० म्हणजे कोणीतरी तिसरा लावला आहे. मुख्य केबलपासून उपकरणापर्यंतची फांदी ६ मीटरपेक्षा लांब नको.

एनएमईए ०१८३ या जुन्या जोडणीवर प्लॉटर (पडद्यावर नकाशा दाखवणारं यंत्र) आणि ऑटोपायलट जोडताना वेग ४८०० बॉड असतो. प्लॉटरमधून एपीबी किंवा एक्सटीई वाक्य (बोट मार्गापासून किती सरकली ते सांगणारा संदेश) बाहेर जायला हवं, आणि ते बहुधा एखाद्या मार्गावर नेव्हिगेशन सुरू केल्यावरच जातं. 'नो डेटा' दिसलं तर आधी हेच बघा. मग ए आणि बी वायरी उलट्या तर नाहीत ना ते. नव्या जीपीएसबरोबर आणखी एक अडचण येते. अनेक उपग्रह प्रणाली वापरणारा रिसीव्हर वाक्याच्या सुरुवातीला 'जीपी'ऐवजी 'जीएन' लिहितो आणि जुनं उपकरण ते ओळखतच नाही. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये किंवा मल्टिप्लेक्सरमध्ये 'जीपी' निवडता येतं. आणि जुन्या जीपीएसची तारीख एकोणीस-वीस वर्षं मागे दिसत असेल, तर तो ६ एप्रिल २०१९ च्या आठवडा-गणनेच्या उलटफेराचा परिणाम आहे. स्थान बरोबर असू शकतं, पण तारखेवरून काढलेली कोणतीही गोष्ट बरोबर धरू नका.

धक्क्यावर, मग पाण्यात

धक्क्यावर: ऑटो लावा, प्लस १० दाबा. सुकाणू उजवीकडे थोडं जाऊन थांबलं पाहिजे. डावीकडे गेलं तर मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. थांबून मागे-पुढे धडपडत असेल तर रडर डॅम्पिंग एकेक पायरी वाढवा आणि धडपड थांबेल त्या सगळ्यात कमी मूल्यावर ठेवा. रडर लिमिट सुकाणूच्या यांत्रिक टोकापेक्षा ५ अंश कमी ठेवायचं, नाहीतर पंप टोकावर दाबत राहतो.

पाण्यात: भांगाच्या (भरती कमी असते त्या) दिवशी, भरती-ओहोटीचा ओढा थांबलेला असताना, वारा नसलेल्या सकाळी मोकळ्या जागेत जा. जुन्या रेमरीनचं होकायंत्र जुळवायला २ नॉटपेक्षा कमी वेगात किमान दोन पूर्ण चकरा घ्या, प्रत्येक चकरेला किमान तीन मिनिटं. घाई केली तर यंत्र ते स्वीकारत नाही. शेवटी दाखवलेलं डेव्हिएशन (बोटीवरच्या लोखंडामुळे आणि विजेमुळे होकायंत्रात येणारी चूक) १५ अंशांच्या वर असेल तर फ्लक्सगेट दुसरीकडे हलवा, त्याच जागी पुन्हा पुन्हा चकरा घेऊन काही होणार नाही. ईव्ही-१ मध्ये हे काम ३ ते १५ नॉट वेगात वळणं घेताना आपोआप होतं. मात्र तो बसवताना बाण नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) ५ अंशांच्या आत सरळ हवा.

मग रडर गेन. नेहमीच्या वेगात, शांत पाण्यात, ४० अंशांचं वळण द्या. बोट चपळपणे वळून ५ अंशांपर्यंत पुढे जाऊन स्थिरावली तर बरोबर. त्याहून जास्त ओलांडत असेल तर गेन कमी करा. रेंगाळत वळून ओलांडतच नसेल तर वाढवा. काउंटर रडर यानंतर, ९० अंशांच्या वळणावर जुळवा. क्रम उलटा केला तर दोन्ही पुन्हा करावं लागतं.

यानंतर हाताने सुकाणू घेण्याचा सराव. मोठ्या जहाजांना सोलास या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंदर सोडण्याआधीच्या १२ तासांत स्टीअरिंग तपासावं लागतं, आणि ऑटोपायलटवरून हाती सुकाणू ताबडतोब घेता यावं असं बंधन आहे. छोट्या बोटीला हा नियम लागू नसला तरी तांडेलाने आणि प्रत्येक खलाशाने स्टँडबायचं बटण अंधारात चाचपून दाबता येईल इतका सराव करायला हवा. कोकण किनाऱ्यावर रात्री जाळ्यांचे बोये आणि बिनदिव्याच्या होड्या ऑटोपायलटला दिसत नाहीत. पहारा माणसानेच द्यायचा.

पहिल्या चार-पाच फेऱ्यांनंतर पुन्हा एकदा सगळे टर्मिनल स्क्रू आणि टिलर आर्मच्या पिना आवळा, नव्या क्रिंपवर हात ठेवून ती गरम लागते का बघा, आणि अखेरच्या सेटिंगची यादी वायरिंगच्या नकाशासह प्लास्टिकच्या पाकिटात घालून कॉम्प्युटरच्या झाकणाच्या आत चिकटवा.